नाव घेतलं नव्हतं

इंदूर, ४ जून २०२५

दत्तूआजोबांना वाकून नमस्कार, शांताआजीलाही.

पत्राची सुरुवात कशी करतात ते बाबांना विचारलं, तर त्यांनी इतके नियम सांगितले की मी नमस्कारावरच थांबले. फोन केला असता. पण फोनवर मी ओरडते, तुम्ही ‘हो, हो’ म्हणता आणि दोन दिवसांनी आजीकडून कळतं की तुम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. म्हणून हे कागदावर.

काम आहे, आजोबा. माझं एमबीए झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर दोन इंटरव्ह्यूत मी नापास झाले, हे बाबांनी सांगितलं नसणार. आता पलासियातल्या एका कंपनीत शेवटच्या फेरीपर्यंत पोचले आहे. श्रीमंत घरांचा पैसा सांभाळायचं काम. कुठे गुंतवायचा, पुढच्या पिढीला कसा द्यायचा, मृत्युपत्र कसं करायचं, सगळं. चोवीस तारखेला इंटरव्ह्यू आहे. आठ जण उरलोय आणि घेणार दोघांना. बाबांचं ऑफिस डिसेंबरात बंद होतंय, तेव्हा ही नोकरी मला नुसती हवी नाही, लागणार आहे.

पुस्तकातलं सगळं पाठ आहे. पण कॉलेजचा सीनियर शंतनु तिथेच काम करतो. तो म्हणाला, ‘अरे, वो सब तो सबको आता है. वो पूछेंगे कि सामने करोड़ोंवाला बैठा है, उसको डर किस बात का है. बस, वहीं सब अटकते हैं.’ आजोबा, मी आजवर करोडोंवाल्याशी बोललेलेच नाही. आपल्याकडे सगळे पगारवाले. तुम्ही छत्तीस वर्षं बँकेत होतात. तुमच्यासमोर बसून लोक काय बोलायचे, ते मला लिहून पाठवाल?

तुमची श्रिया


देपालपुर, ८ जून

चि. श्रिया,

पत्र पोचलं. एकदा मी वाचलं आणि एकदा शांताने मोठ्याने वाचून दाखवलं, ते मला ऐकू आलं नाही. दोनदा नापास झालीस हे माहीत होतं. आपल्या घरात बातमी पोस्टाच्या आधी पोचते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी बँकेच्या परीक्षेत तीनदा आपटलो होतो, आणि तुझ्या पणजोबांनी ते सगळ्या गल्लीला सांगितलं होतं.

आता कामाचं. पैसेवाला माणूस समोर बसला की तासभर व्याजाचं बोलतो. ते ऐकायचं, मान डोलवायची, पण त्यावर जाऊ नये. उठताना, चपला घालता घालता तो जे बोलतो ते त्याचं खरं काम.

एक उदाहरण देतो. नाव लिहीत नाही. हातोदच्या एक बाई आहेत, होळकरांच्या फौजेतल्या घराण्यातल्या. मी रिटायर झालो तरी लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात, तशा त्या सहा वर्षांपूर्वी आल्या. माहेरची पाच बीघे जमीन त्यांच्या नावावर होती, ती विकली आणि बरा पैसा आला. तासभर मला व्याजदर विचारले. मग दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘भाऊजी, हे माझ्या मुलाला कळणार नाही ना?’ मुलगा बायको आणि लेकीला टाकून वेगळा राहतो. बाईंना तो पैसा त्या दोघींसाठी ठेवायचा होता. त्यांना पैसा बुडायची भीती नव्हती, आपल्याच मुलाची होती. हे ज्याला ओळखता आलं त्याला ते काम आलं.

तुला समजावं म्हणून लिहिलं. घरातली गोष्ट घरातच राहू दे.

तुझा आजोबा, दत्तोपंत


इंदूर, १३ जून

आजोबा,

तुमचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटायला आल्यात. पुस्तकात याला क्लायंटची ‘अनकही ज़रूरत’ की काय म्हणतात, पण चपला घालण्याचं कुणीच लिहिलेलं नाही.

घरी सराव चालू आहे. परवा आईला करोडपती करून खुर्चीत बसवलं आणि विचारलं, ‘मॅडम, आपको क्या चिंता है?’ आई म्हणाली, ‘पहिली चिंता ही, की स्वयंपाकाला बाई मिळत नाही.’ मग उठताना दारात काही बोलते का म्हणून मी वाट बघितली, तर म्हणाली, ‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या का?’

एक विचारायचं राहिलं. त्या हातोदच्या बाईंची सून हा पैसा घेते कशी? ज्याने टाकलं त्याच्या आईकडून पैसा घ्यायला स्वाभिमान आडवा येत नाही? असं कुणी मला इंटरव्ह्यूत उलटून विचारलं तर मी काय सांगू? मला हे प्रकरण पूर्ण समजून घ्यायचं आहे.

श्रिया


देपालपुर, १७ जून

चि. श्रिया,

तू विचारायला नको होतंस आणि मी सांगायला नको, पण प्रश्न नेमका विचारलास. असे प्रश्न मला बरीच वर्षं कुणी विचारले नव्हते. तुझं हे पत्र शांताच्या हाती दिलं नाही. पुढचं तिलाही ठाऊक नाही.

सुनेला माहीतच नाही. पोरीची फी परस्पर शाळेत जाते. बाईंनी सुनेला सांगून ठेवलंय, ‘तोच भरतो. मानी आहे, त्याला विचारू नकोस, नाहीतर बंद करेल.’ सून इंदूरलाच शाळेत शिकवते, तिचा पगार बेताचा. आणि पोरगी आता चौदाची. बाप बोलत नाही, भेटत नाही, पण फी भरतो, म्हणजे मनात आपण आहोत, अशा समजुतीवर ती वाढली. बाई मला म्हणाल्या होत्या, ‘भाऊजी, पैसे मी देते ते देते, पण तिला बाप देते.’ त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. छत्तीस वर्षांत खातेदारासमोर असं कधी झालं नाही.

तेव्हा समज, तुझ्या धंद्यात पैसा ही नुसती वरची साल आहे. जा आणि निवडून ये. पांढरा कुर्ता घाल, ती सूट-बीट भानगड नको.

तुझा आजोबा


इंदूर, २७ जून

आजोबा, झालं. मला घेतलं.

तुम्हाला सगळ्यात आधी लिहितेय. बाबांनी सकाळीच सराफा बाजारातल्या हलवायाकडून मिठाई आणली, तुमचा वाटा फ्रिजमध्ये आहे. समोर तिघे होते. पुस्तकातलं वीस मिनिटं विचारलं, ते झालं. मग डर वाला प्रश्न आला, अगदी शंतनुने सांगितला तसा. मी तुम्ही शिकवलेलं सांगितलं. मधला माणूस पेन खाली ठेवून ऐकायला लागला. बाहेर आले तेव्हाच मला कळलं होतं की जमलं.

एक ऑगस्टला रुजू व्हायचंय. पांढरा कुर्ता घातला होता. हे सगळं तुमच्यामुळे, आजोबा. पहिल्या पगारात तुम्हाला कानाचं चांगलं मशीन घेणार आहे, आजीला विचारून ठेवा कोणतं हवं.

श्रिया


देपालपुर, २२ जुलै

चि. श्रिया,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. आनंद झाला, फार झाला. पण इथे एक वाईट घडलं आणि हात लिहायला उचलेना.

ज्या बाईंबद्दल मी तुला लिहिलं होतं, त्या इंदुमतीबाई. आता नाव झाकून काय उपयोग. त्यांचा मुलगा विक्रांत, त्याला कुठल्याशा गुंतवणूक कंपनीचा फोन गेला. ‘आपकी माताजी का पैसा एफडी में पड़ा है, हमारे यहाँ लगाइए.’ आईचा असा पैसा आहे हेच त्याला माहीत नव्हतं. तो हातोदला गेला, आईला वाट्टेल ते बोलला, पैसा कुठे जातो ते तिच्याकडून काढून घेतलं. मग इंदूरला सुनेच्या घरी गेला आणि पोरीसमोर ओरडला, ‘मी आजवर एक पैसा दिलेला नाही, देणारही नाही. जा, पूछ ले आजी को.’

पोरगी, पूर्वा तिचं नाव, दोन आठवडे शाळेत गेली नाही. सून म्हणते फी परत करणार. इंदुमतीबाई इथे आल्या, या खुर्चीत बसल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘भाऊजी, मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं.’

श्रिया, मला आठवत नाही. मे महिन्यात एका लग्नात चार जुने लोक भेटले होते, जेवणानंतर गप्पा झाल्या, तिथे मी काही बोललो असेन. ऐकू येत नाही म्हणून मी हल्ली फार मोठ्याने बोलतो, हे शांता सांगते. पण बोललो हे मला काही केल्या आठवत नाही, आणि त्याचीच भीती वाटते. शांता मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सगळं बरोबर आलं. मग ते बोलणंच तेवढं कसं पुसलं गेलं?

परवा हातोदला जाऊन इंदुमतीबाईंची माफी मागून आलो. म्हटलं, माझ्याच तोंडून गेलं. ज्यांचे ज्यांचे कागद माझ्याकडे होते ते सगळे परत केले. आता कुणी विचारायला येऊ नये.

तू अशाच कामात जातेस म्हणून हे लिहितो. तोंड सांभाळ, बेटा.

आजोबा


इंदूर, २६ जुलै

आजोबा,

वाचून वाईट वाटलं. तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. वय झालं की होतं असं कधी कधी. डॉक्टर सांगतील ती औषधं घ्या. झालं ते झालं, तुमचा हेतू वाईट नव्हता, हे त्या बाईंनाही कळत असेल.

इकडे रुजू व्हायची गडबड आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

श्रिया


इंदूर, ९ ऑगस्ट

आजोबा,

तुमचं उत्तर आलेलं नाही, आणि मी त्याची वाट बघणार नाही, कारण ते आलं तर हे लिहायचं धाडस राहणार नाही.

ते तुम्ही बोलला नाहीत. मी बोलले.

इंटरव्ह्यूत मधल्या माणसाने विचारलं, उसको डर किस बात का है, तेव्हा मी हातोदच्या बाईंचंच सांगितलं. सगळं सांगितलं. पाच बीघे, फौजेतलं घराणं, मुलगा, सून, शाळेत शिकवते तेही, आणि पोरीला बाप देते तेही. तुमच्या पत्रातलं ते वाक्य मी हिंदीत म्हटलं, आणि म्हणताना थोडा वेळ थांबले, कारण घरी आरशासमोर तसा सराव केला होता. नाव घेतलं नव्हतं. त्यांनी विचारलं, ‘कहाँ की बात है?’ मी गप्प राहू शकले असते. ते हसून म्हणाले, ‘नाम मत बताओ, वो तो अच्छी बात है. एरिया बता दो बस.’ मी हातोद म्हणाले. मला वाटलं, नाव न सांगणं म्हणजेच गुपित राखणं, आणि ते मी राखते आहे हे त्यांना दिसतंय.

त्या तिघांतल्या एकाचं सासर हातोदचं आहे, हे मला एक तारखेला कळलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना माझी ओळख करून दिली, ‘ये लड़की तो इंटरव्यू में ही लीड दे गई थी.’ लीड म्हणजे नव्या गिऱ्हाइकाचा माग. सगळे हसले, मीही हसले. टेबलावर कागद होता, त्यात विक्रांतचं नाव, मोबाइल नंबर आणि पुढे लिहिलं होतं: माहिती कुणाकडून, श्रिया.

पण आजोबा, खरं हे आहे की मला त्याआधीच कळलं होतं. तुमचं बावीसचं पत्र वाचलं तेव्हाच. गुंतवणूक कंपनीचा फोन, एवढ्यावरूनच. आणि तरी मी तुम्हाला लिहिलं, वय झालं की होतं असं. तुम्ही डॉक्टरसमोर बसून शंभरातून सात वजा करत होतात आणि मी लिहिलं की औषधं घ्या. ऑफर लेटर आलं होतं, पण सही व्हायची होती. वाटलं, तुम्ही बाबांना सांगाल, कुणीतरी कंपनीत जाऊन भांडेल आणि माझं जाईल. म्हणून मी तुम्हाला विसरभोळं ठरवलं. इंटरव्ह्यूतली चूक एक वेळ समजेल. त्या पत्राचं मला काही सांगता येत नाही.

विक्रांतचं नाव यादीतून काढा म्हणून मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘वैसे भी लीड ठंडी हो गई.’

मी काय करू ते सांगा. नोकरी सोड म्हणालात तर सोडते.

श्रिया


देपालपुर, १४ ऑगस्ट

श्रिया,

पत्र वाचलं. आधी सांगतो, मला हायसं वाटलं. डोकं ठिकाणावर आहे आपलं, एवढंच मनात आलं. तिकडे एका पोरीच्या मनातला बाप गेला आणि मी माझ्या डोक्याच्या आनंदात होतो. त्याची लाज अजून उतरलेली नाही.

मग राग आला. गेले तीन आठवडे चष्मा सापडला नाही की मी शांताकडे बघायचो, की हिला कळलं का. दूधवाल्याला पैसे दिले की नाही हे मी भिंतीवर लिहून ठेवायला लागलो होतो. तुझं ते चार ओळींचं पत्र मी उशाशी ठेवलं होतं, म्हटलं पोरगी समजूतदार आहे. हे तुला कळावं म्हणून लिहितो. कळलंच पाहिजे.

पण हिशेब इथे थांबत नाही. छत्तीस वर्षं मी खातेदाराची गोष्ट घरी आणली नाही. बायकोला सांगितली नाही. आणि तुला लिहिली, तीही दोनदा, दुसऱ्यांदा तर नको असताना. का? तू विचारलंस म्हणून. रिटायर माणसाला कुणी विचारलं की तो तिजोरीच्या किल्ल्या काढून देतो. मीसुद्धा नाव लिहिलं नव्हतं, आणि म्हणून मी काही सांगितलंच नाही असं मानून बसलो होतो. हातोदला मराठी घरं आहेत किती? चार. त्यात फौजेतलं घराणं एक. तू जे त्या तिघांसमोर केलंस ते मी आधी तुझ्यासमोर केलं होतं. तेव्हा इंदुमतीबाईंची माफी मागितली ती चुकीची नव्हती, फक्त तिचं कारण चुकीचं सांगितलं.

नोकरी सोड म्हणणार नाही. तू सोडलीस तर बरं कुणाला वाटेल? फक्त तुला. तुझ्या आई-बापाची अडचण खरी आहे.

पण हातोदला जा. फोन नाही, मिठाई नाही, मी बरोबर येणार नाही. इंदुमतीबाईंना तुझ्या तोंडाने सांग की ती मी. मग त्यांनी जा म्हटलं तर सुनेकडे जा. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही. मागच्या वेळी शिकवलं ते पुरे झालं.

दत्तोपंत


इंदूर, २५ ऑगस्ट

आजोबा,

काल जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

सकाळच्या बसने हातोदला गेले. इंदुमतीबाई तुळशीजवळ बसून गहू निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की ती मी, दत्तोपंतांची नात. मधे कुठे थांबले नाही, रडले नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिलं काय विचारलं, तर, ‘म्हणजे भाऊजी नव्हते?’ मी नाही म्हणाले. त्या बराच वेळ गहूच निवडत होत्या. मग म्हणाल्या, ‘त्यांच्याशी मी महिनाभर बोलले नाही गं.’ मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही माफी मागितली नाही. चहा दिला. तो प्यायले.

मग त्या आत गेल्या आणि एक प्लास्टिकची फाइल घेऊन आल्या. त्यात मार्कशीट होत्या. पूर्वा दर वर्षी तिच्या बाबांना मार्कशीटची कॉपी आणि एक चिठ्ठी पाठवायची, आजीच्या हाती. फी भरल्याबद्दल थँक्यू. पहिल्या वर्षी इंदुमतीबाई ती घेऊन विक्रांतकडे गेल्या होत्या. त्याने न उघडताच परत दिली. पुढच्या त्यांनी नेल्याच नाहीत. सहा वर्षांच्या सहा तिथे होत्या. मला म्हणाल्या, ‘हे मी अजून कुणालाच दाखवलं नाही. तू बघितलंस, आता बघू काय करतेस.’

त्यांनी जा म्हटलं, म्हणून दुपारी इंदूरला सुदामा नगरात सुनेकडे, म्हणजे स्मिताताईंकडे गेले. त्यांनी दारातच ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘देखो, मला तुमच्यावर चिडायचा पण कंटाळा आलाय.’ सासूबाईंची फी परत करून स्वतः भरायचं त्यांनी ठरवलं होतं, पण शाळा भरलेली फी परत देत नाही म्हणे. मी निघतच होते, तेवढ्यात आमचं बोलणं ऐकून पूर्वा आतून आली. उंच आहे, आईपेक्षा. तिने माझ्याकडे बघून सरळ विचारलं, ‘वो कंपनी वाली दीदी तुम्हीच का?’ मी हो म्हणाले.

ती म्हणाली, ‘मला एकच सांगा. मी बाबांना मार्कशीट पाठवायची, आजीकडे. ते पैसे देत नव्हते, ठीक आहे. पर वो तो देखते थे ना?’

आजोबा, मी सकाळीच ती फाइल हातात धरली होती. हो म्हटलं असतं तर ते पुन्हा खोटं झालं असतं. नाही म्हटलं असतं तर इंदुमतीबाईंची आणखी एक गोष्ट मी वाटून टाकली असती. मी एवढंच म्हणाले, ‘हे तू आजीला विचार.’

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली आणि म्हणाली, ‘नको. समजलं मला.’ आणि आत गेली.

मी नोकरीवर जाते आहे. सोडावी असं रोज सकाळी वाटतं, आणि रोज सकाळी मी बस पकडते. काल मात्र, आजोबा, मी खरंच काही सांगितलं नव्हतं.

श्रिया